मॉस्कोच्या राणीचा दाखला

ऐकणारं माणूस भेटलं की शशिकलाला राहवत नसे. पुण्याला विद्यापीठात होती तोवर याला गुण म्हणत, दोह्यात आल्यावर त्याचा दोष कधी झाला ते तिलाही कळलं नाही. इतिहासात एम.ए., पहिला वर्ग, आणि प्रबंधाला घेतलेला विषय तर जगावेगळाच: जुन्या रशियातल्या राण्या. ती पुढची नावाजलेली सम्राज्ञी नव्हे, तिच्याही आधीच्या, मॉस्कोच्या झारांच्या बायका, ज्यांचं तोंड त्यांच्याच रयतेला कधी दिसत नसे. रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनात स्वस्तात मिळालेल्या जाडजूड ग्रंथांतून हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं होतं. प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, या विषयाला मराठी माणसानं अजून हात घातलेला नाही, तू घाल. तिनं घातला. दीड प्रकरण लिहून होतंय तोच सदानंद पाटणकर नावाचा इंजिनियर कतारहून सुट्टीवर आला, मुलगी बघून गेला, आणि त्याची सुट्टी संपायच्या आत लग्न उरकलंसुद्धा. "तिकडे वेळच वेळ आहे, तिथं लिही की," असं तो म्हणाला होता, आणि अगदी मनापासून म्हणाला होता. वेळ खरंच होता. बाकी ग्रंथालय नाही, सर नाहीत, चार शब्द वाद घालायला कुणी नाही. टिपणांची ट्रंक पलंगाखाली गेली ती गेलीच.

मग तिनं दोह्यातल्या बायकांनाच पकडलं. पुरुष मंडळी जेवून, वामकुक्षी आटोपून पुन्हा ऑफिसला गेली की कंपनीच्या बिल्डिंगमधल्या चार-पाच मराठी बायका तिच्या हॉलमध्ये जमत. कुणाच्या हातात लोकर, कुणाच्या मांडीवर भरतकामाची कडी, डोक्यावर घरघरणारा एसी, आणि समोर शशिकला. तेरेम म्हणजे राजवाड्यातला बायकांचा मजला, ती सांगायची. राणीला बाहेर पडायचं तर गाडीला पडदे. देवळात जायचं तर दोन्ही अंगांनी कापड धरायचं. आजारी पडली तर वैद्याला अंधाऱ्या खोलीत न्यायचं, राणीच्या मनगटावर तलम वस्त्र टाकायचं आणि त्यावरून त्यानं नाडी बघायची.

"आपलं तरी काय वेगळं आहे?" एखादी म्हणायची. "यांनी गाडी काढली तर आपण सूकला, बाजाराला जाणार. नाहीतर आहेच खिडकी आणि समोरचं बांधकाम." सगळ्या हसायच्या. शशिकलाही हसायची, पण जरा कमी.

या श्रोत्यांमध्ये ब्याऐंशी साली सुचित्राची भर पडली. तिचा भाऊ राजाभाऊ सिन्नरकडचा, दोह्यापासून तासाभरावरच्या अल खोरला एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर. सत्यभामाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, बाळंतपणासाठी त्यानं बहिणीला बोलावून घेतलं होतं. राजाभाऊला कामासाठी दोह्यात यावं लागे, तेव्हा तो सुचित्राला शशिकलाकडे सोडून जाई. पोरगी बी.ए. झालेली, सावळी, तरतरीत, आणि प्रश्न असे विचारायची की शशिकलाला सरांची आठवण यावी. झारच्या नवरीचं लग्नाआधी नावसुद्धा बदलत असत, असं शशिकलानं एकदा सांगितलं. त्यावर सुचित्रा म्हणाली, "मग वहिनी, जुन्या नावानं कुणी हाक मारली तर ती वळून बघत असेल का?" बाकीच्या बायका टाके मोजत राहिल्या. शशिकलाचं स्वतःचं माहेरचं नाव निर्मला. सासरी ताटातल्या तांदळात अंगठीनं शशिकला लिहिलं तेव्हा असा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता. त्या दिवसापासून सुचित्रा तिच्या जिवाभावाची झाली.

गणपतीत कुणाच्या तरी फ्लॅटवर दारं-खिडक्या लावून हळू आवाजात आरत्या झाल्या, तिथं विद्याधर चांदवडकर भेटला. दोह्याच्या दक्षिणेला उम्म सईदमध्ये इंजिनियर, सरळ मुलगा, जरा लाजाळू. सुचित्रानं आरती सुरू केली आणि तो शब्द विसरून तिच्याकडेच बघत राहिला हे अर्ध्या दोह्यानं पाहिलं. आठवडा जायच्या आत त्यानं सदानंदकडे आडून आडून चौकशी केली. सुचित्रानं तर आडपडदा ठेवलाच नाही. भांडी विसळता विसळता म्हणाली, "वहिनी, हे जमलं तर मला दुसरं काही नको." शशिकलानं मनावर घेतलं. पत्रिका मागवल्या, जुळवून घेतल्या, राजाभाऊला समजावलं. विद्याधरची आई मुंबईहून मुलाकडे आलेलीच होती. मध्यस्थ म्हणून बघण्याचा कार्यक्रम शशिकलानं आपल्याच घरी ठरवला.

वत्सलाबाई चांदवडकर म्हणजे एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. करड्या केसांचा नेटका अंबाडा, मोजकं बोलणं, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची सवय. शशिकलाला त्या पाहताक्षणी आवडल्या. घरातली पुस्तकं बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही काय शिकलात?" आणि असा प्रश्न तिला कतारात आल्यापासून कुणी केला नव्हता.

ऑक्टोबर लागला तरी ऊन हटत नव्हतं. राजाभाऊच्या पिकअपचा एसी बंद पडलेला. अल खोरहून येईपर्यंत सुचित्राचा चेहरा उतरला होता. आतल्या खोलीत साडी नेसवताना ती म्हणाली, "वहिनी, कालपासून पोटात अन्न नाही. घासच उतरत नाही."

"दोन घास खाऊन घे आधी."

"नंतर. आता नको."

शशिकलानं आग्रह केला नाही. पाहुणे आलेच होते.

पोह्यांचा ट्रे घेऊन सुचित्रा बाहेर आली, बशा दिल्या, वत्सलाबाईंच्या समोर बसली, एक-दोन प्रश्नांना नीट उत्तरं दिली, आणि बोलता बोलता तिचा रंग उडाला. बसल्या जागी ती एका बाजूला कलली. धावपळ झाली. शशिकलानं डोळ्यांना पाणी लावलं, सदानंदनं लिंबाचं सरबत आणलं, वत्सलाबाईंनी स्वतः वर्तमानपत्रानं वारा घातला. पोरीनं लगेच डोळे उघडले आणि लाजून पुन्हा मिटून घेतले. "अगं, उन्हाचं होतं असं," वत्सलाबाई म्हणाल्या. "आमच्या शाळेत तर प्रार्थनेला कुणी ना कुणी पडायचीच." विद्याधरचा जीव भांड्यात पडला. सुचित्राला आत नेऊन निजवलं, आणि तो सदानंद आणि राजाभाऊबरोबर खाली पिकअपचा एसी बघायला गेला. हे प्रकरण इथंच मिटलं होतं. कुणी काही बोललं नसतं तर ते मिटलेलंच राहिलं असतं.

पण हॉलमध्ये उरल्या दोघी आणि चहाचे कप. वत्सलाबाई म्हणाल्या, "तुमचा प्रबंधाचा विषय काय होता म्हणालात?"

मग काय! उपाश्याला पंगत वाढली म्हणजे तो कुणासाठी थांबतो? "काकू, तुम्ही समजूतदार म्हणून बरं," शशिकला म्हणाली. "हेच मॉस्कोत झालं असतं तर!" आणि तिनं येवफेमियाची गोष्ट काढली. झार अलेक्सेईचं लग्न ठरवायचं होतं. देशभरातून सरदारांच्या मुली आणवल्या, वैद्यांनी तपासल्या, दायांनी तपासल्या, त्यातून निवडक मुली झारसमोर उभ्या केल्या, आणि त्यानं येवफेमियाला पसंत केलं. तरणाताठा राजा, मनापासून भाळलेला. पण नवरीचा शृंगार करून तिला दरबारात आणलं आणि ती त्याच्या पायाशी चक्कर येऊन पडली. केस सजवणाऱ्या बायकांनी मुद्दाम वेणी करकचून बांधली होती, असं म्हणतात. वैद्यानं सांगितलं, फेफरं आहे. बापावर आळ आला की त्यानं मुलीचा आजार लपवला. लग्न मोडलं, आणि सगळ्या कुटुंबाची रवानगी सैबेरियात!

शशिकला फार सुंदर सांगत होती. कितीतरी दिवसांत असं सांगितलं नव्हतं. वत्सलाबाई कप हातात धरून ऐकत होत्या.

"पण बापानं लपवलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"आरोप तरी तसा होता."

"आणि खरं काय होतं?"

इथं शशिकलातली इतिहासाची विद्यार्थिनी जागी झाली. पुराव्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे सरांनी मुरवलेलं. "ते सांगता येत नाही हो काकू," ती म्हणाली. "बरेच जण म्हणतात वेणीमुळे. पण खरंच आजार नव्हता, असा पक्का पुरावाही नाही. घरच्यांनाच काय ते माहीत."

वत्सलाबाईंनी कप खाली ठेवला. क्षणभर तिच्याकडे नीट बघितलं. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. ती शाबासकीच आहे असं वाटून शशिकलाचा ऊर भरून आला. तिनं आणखी चहा विचारला.

निरोप आला तो पत्रिका जुळत नाही असा. राजाभाऊनं फोनवर विचारलं, "वहिनी, पत्रिका तर जुळली व्हती ना?" दोन दिवसांनी चांदवडकरांचा ड्रायव्हर महमूद एक पुडकं देऊन गेला. आत सूकमधल्या चांगल्या दुकानातला केशराचा डबा, आणि तोंडी निरोप, बाईंनी आभार सांगितलेत. लग्न जुळवलं म्हणून मध्यस्थाला साडी मिळते हे शशिकलाला ठाऊक होतं. मोडल्याबद्दल केशर कसलं, हे तिला उमगेना. वत्सलाबाईंचं ते 'बरं झालं सांगितलंत' आठवलं तेव्हा उमगलं.

शुक्रवारी तिनं सदानंदला गाडी काढायला लावली आणि उम्म सईद गाठलं. वत्सलाबाईंनी तिला आत नेऊन दार लोटलं, जवळ बसवलं.

"काकू, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय," शशिकला म्हणाली. "मी आपली एक गोष्ट सांगितली. सुचित्राला काहीही झालेलं नाही."

वत्सलाबाई हसल्या, मायेनंच हसल्या. "तुम्ही आता असंच म्हणणार, आणि म्हणायलाच हवं. अहो, लेकी बोले सुने लागे, हे का मला कळत नाही? मध्यस्थानं मुलीचं वैगुण्य उघड बोलायचं नसतं. आमच्याकडे मध्यस्थ म्हणायचे, अमक्याच्या मावशीला असं असं होतं हो. की आम्ही समजायचो. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही राणी पुढं केलीत. किती जपून सांगितलंत!"

"नाही हो काकू! मला तसं म्हणायचंच नव्हतं. ती उपाशी होती, उन्हातून आली होती!"

"उपाशी होती हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"हो. मला तिनंच सांगितलं होतं."

"मग तेव्हाच म्हणाला असतात की, पोरगी उपाशी आहे. एवढी मोठी गोष्ट सांगितलीत, एवढंसं वाक्य का नाही सांगितलंत?" वत्सलाबाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी विचारलं, खरं काय. तुम्ही म्हणालात, आजार नव्हता असा पुरावा नाही, घरच्यांनाच माहीत. आता मैत्रिणीसाठी तुमचा जीव तुटतोय, ते मी समजू शकते. तुमचं नाव कुठं येणार नाही, काळजी करू नका."

शशिकलानं शपथ घेतली, डोळ्यांत पाणी आणलं, विद्याधरशी बोलू द्या म्हणाली. ती जितकी कळवळली तितकी वत्सलाबाईंची खात्री वाढत गेली. बाहेर विद्याधर मान खाली घालून सदानंदला गाडीपर्यंत पोचवायला आला आणि आईपुढं आपलं काही चालत नाही एवढंच म्हणाला. एरवी भला असलेला हा मुलगा त्या दिवशी अगदीच शेळपट निघाला.

परतीच्या वाटेवर सदानंद म्हणाला, "तू काही मुद्दाम केलं नाहीस. झालं ते झालं. खलास." शशिकला खिडकीबाहेर बघत होती. त्या वेणी घालणाऱ्या बायकांवर ती वर्षानुवर्षं दात-ओठ खाऊन बोलत आली होती. त्यांनी निदान काय करतोय ते माहीत असून केलं. आपण कशासाठी केलं? एका बाईनं प्रश्न विचारला म्हणून. दीड प्रकरणाची हौस एका पोरीच्या जिवावर भागवून घेतली. तिला स्वतःची शिसारी आली.

पुढं ती जे जे सावरायला गेली ते ते तिनं बिघडवलं. बायकांच्या बैठकीत तिनं स्वतःहून विषय काढला, "सुचित्राला फेफरं-बिफरं काही नाही हं, उगाच कुणी काही म्हणेल." दोघींना तर तोवर पत्ताही नव्हता. त्यांनी सुया थांबवून एकमेकींकडे बघितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी तिलाच बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अल खोरच्या त्या मुलीवर औषधोपचार चालू आहेत का हो? तुम्ही जवळच्या म्हणून विचारते." दोह्यात मराठी घरं ती किती! एकाच्या घरात शिंक आली की दुसऱ्या घरात रुमाल निघायचा. राजाभाऊच्या कानावर गेलं. त्यानं अबुधाबीतल्या एका स्थळाला विचारलं होतं, तिथूनही पत्रिका जुळत नाही असंच उत्तर आलं. तो घाबरला. बातमी सिन्नरला पोचायच्या आत बहिणीला उजवायची, एवढंच त्यानं डोक्यात घेतलं.

मार्चमध्ये तो सुचित्राला घेऊन निरोपाला आला. "मनमाडचं ठरलंय, वहिनी," तो म्हणाला. "बिजवर हाये. एक पोरगी हाये पहिल्या बायकोची. पन मानसं बरी हायेत, त्यांनी काय इचारलं न्हाई." त्यानं तिच्यावर आवाज चढवला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. बांधाबांधीसाठी दोर घ्यायचाय म्हणून तो खाली उतरला आणि दोघी एकट्या राहिल्या.

सुचित्रा नेहमीच्याच जागी बसली. साडी साधी, केस घट्ट विंचरलेले. शशिकलानं किती दिवस हे बोलणं मनात घोळवलं होतं, पण तोंड उघडल्यावर सगळं घरंगळलं. "सुचित्रा, मी मुद्दाम नाही गं बोलले. तुझी शपथ."

"माहीत आहे मला."

"मला तेव्हा सुचलंच नाही. तू उपाशी आहेस हे मला ठाऊक होतं, आणि मी ते सांगितलंच नाही. असं कसं सुचलं नाही मला?"

"मी आत पडून ऐकत होते, वहिनी." सुचित्रा शांतपणे म्हणाली. "चक्कर केव्हाच गेली होती. उठून बाहेर येणार होते. पण तुम्ही गोष्ट काढली, आणि ती मी आधी ऐकलेली नव्हती. पुढं काय होतं ते ऐकावंसं वाटलं. झारनं तिला पसंत केलं तिथं मला इतकं बरं वाटलं! नंतर ती पडली, तिचे हाल झाले, तेव्हा मी उशीत तोंड घालून रडले. तिच्यासाठी रडले. त्यात आपला काही संबंध असेल हे माझ्याही डोक्यात आलं नाही."

शशिकला जवळ सरकली. तिनं सुचित्राचा हात धरला. सुचित्रानं तो काढून घेतला नाही, आणि तिचा दाबलाही नाही.

"एकदा मला रागवून घे," शशिकला म्हणाली. "दोन शब्द सुनाव. मला ते चालेल."

"खूप प्रयत्न केला. रात्र रात्र मनात तुमच्याशी भांडायला बसले." सुचित्रा म्हणाली. "तुम्ही मुद्दाम केलं असतंत तर भांडले असते, वहिनी. तोंड बघितलं नसतं तुमचं. आता मी कुणाशी भांडू, ते तरी सांगा."

खालून पिकअपचा हॉर्न वाजला. सुचित्रा उठली, पदर सारखा केला, आणि रीत म्हणून वाकून तिनं नमस्कार केला. शशिकलाच्या तोंडून सवयीनं "सुखी राहा" गेलं. सुचित्रानं मान वर करून तिच्याकडे बघितलं, चपला घातल्या, आणि ती जिना उतरून गेली.